पृथ्वीचा गाभा कोणी पाहिला, असे विचारणाऱ्यांना उत्तर

गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: रशियातील कोला येथे माणूस जमिनीत सर्वांत खोल गेला, तोही जेमतेम 12 किलोमीटर, पृथ्वीचे केंद्र मात्र 6,371 किलोमीटर खोल आहे, तेव्हा भूकवच, प्रावरण, द्रव गाभा आणि घन गाभा ही पाठ्यपुस्तकांतील रंगीत चित्रे म्हणजे कोणीही न पाहिलेल्या गोष्टींच्या कल्पना आहेत. त्यानंतर पुराव्यादाखल काही गोष्टी जोडलेल्या असतात. भूकंपाच्या लहरींवरून काढलेले निष्कर्ष पडताळून पाहण्याचा मार्ग नाही. कोलाच्या विहिरीत शास्त्रज्ञांचे भाकीत सपशेल चुकले. 2014 मध्ये जमिनीखाली अचानक महासागर सापडला. आणि 2023 मध्ये गाभा फिरायचा थांबल्याचे जाहीर झाले. काही प्रतींत पृथ्वी आतून पोकळ असल्याचे विधानही शेवटी चिकटवलेले असते.

यातली काही विधाने खरी आहेत, आणि म्हणूनच हा मजकूर वाचणाऱ्याला पटतो. आपल्या पाठ्यपुस्तकांचाही त्यात वाटा आहे. थरांची नावे आणि जाडी पाठ करून घेतली जाते, पण ती जाडी कशी कळली हे क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे ‘हे कोणी पाहिले?’ असा प्रश्न एखाद्याला पडला तर त्याला दोष देता येणार नाही. तो प्रश्न रास्त आहे. त्याचे जे उत्तर या मजकुरात दिले आहे, ते मात्र चुकीचे आहे, आणि कुठे चुकते ते एकेक विधान घेऊन पाहायला हवे.

पहिले विधान कोलाच्या खोलीचे. ही विहीर 1970 मध्ये खणायला सुरुवात झाली आणि 1989 मध्ये ती 12,262 मीटरपर्यंत पोहोचली. पृथ्वीच्या त्रिज्येच्या मानाने ही खोली 0.2 टक्क्यांहूनही कमी आहे, हे अगदी खरे. माणूस मात्र तिथे उतरलेला नाही. खाली गेले ते सुमारे 23 सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून खणण्याचे यंत्र. माणसाच्या स्वतःच्या पावलांची मजल दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत सुमारे 4 किलोमीटरपर्यंतच गेलेली आहे. पण आपल्या हाती आलेले खडक तेवढ्याच खोलीचे आहेत असे समजणे चूक आहे. हिरे प्रावरणात, बहुतेक दीडशे किलोमीटरांहून अधिक खोलीवर, तयार होतात आणि किंबरलाइटसारख्या ज्वालामुखीय खडकांबरोबर वर येतात. त्यांच्याबरोबर प्रावरणाच्या खडकांचे तुकडेही येतात. कच्छमधील भूजच्या परिसरात बेसाल्टमध्ये अडकलेले असे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे जिथे आपण खणू शकलो नाही, तिथले नमुने ज्वालामुखींनी आपल्याला आणून दिलेले आहेत. गाभ्याचा नमुना मात्र कोणाकडेही नाही, आणि तो असल्याचा दावाही कोणी करत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ: पाहिले नाही, म्हणून ती कल्पना. भूकंपाने निघालेल्या लहरी पृथ्वीच्या आतून प्रवास करून दूरच्या ठिकाणी पोहोचतात, ही गोष्ट 1889 पासून नोंदींवरून माहीत आहे. त्या वर्षी 18 एप्रिलला जपानमध्ये झालेल्या भूकंपाची थरथर जर्मनीतील पॉट्सडॅम येथे फॉन रेबोय-पाश्विट्झ यांच्या संवेदनशील लंबकाने टिपली. पुढचे मोठे पाऊल भारतात टाकले गेले. 12 जून 1897 रोजी आसाम आणि शिलाँगच्या परिसरात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अहवाल तयार केला, आणि दूरच्या केंद्रांवरील नोंदी तपासताना त्यांच्या लक्षात आले की लहरी तीन वेगवेगळ्या टप्प्यांत येतात. सर्वांत आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक म्हणजे पी लहरींत खडक पुढेमागे दाबला जातो; नंतरच्या दुय्यम म्हणजे एस लहरींत तो आडवा हलतो; आणि शेवटी येतात त्या पृष्ठभागावरून चालणाऱ्या लहरी. पी लहरी घन आणि द्रव दोन्हींतून जातात. एस लहरी द्रवातून जात नाहीत, कारण द्रवाला आडवा ताण पेलता येत नाही. पुढची जवळजवळ सगळी मांडणी एवढ्या भांडवलावर उभी आहे.

याच ओल्डहॅम यांनी 1906 मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा आहे असे दाखवून दिले. त्यांचा युक्तिवाद आजच्या आकड्यांनी कोणालाही कागदावर करून पाहता येतो, म्हणून तो इथे पूर्ण मांडतो. भूकंपाचे अपिकेंद्र (त्याच्या उगमाच्या थेट वरची जमिनीवरची जागा) आणि नोंद घेणारे केंद्र यांमधले अंतर पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाने मोजतात. हा कोन 20 अंश असेल, तर त्या दोन ठिकाणांना आतून जोडणारी सरळ रेषा सुमारे 2,210 किलोमीटरची भरते आणि पी लहरीला तेवढ्यासाठी साधारण साडेचार मिनिटे लागतात. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर पडतो. 60 अंशांवर सरळ रेषा 6,371 किलोमीटरची आणि वेळ सुमारे 10 मिनिटे 8 सेकंद; वेग साडेदहा किलोमीटरच्या जवळ. 90 अंशांवर रेषा 9,010 किलोमीटरची, वेळ सुमारे 13 मिनिटे. वेग साडेअकरा किलोमीटर. लहरी प्रत्यक्षात वाकड्या मार्गाने जातात, त्यामुळे हे आकडे स्थूल आहेत, पण त्यांचा कल स्वच्छ दिसतो: लहर जितकी खोल जाते, तितका तिचा सरासरी वेग वाढतो. हाच कल पुढे राहिला असता, तर पृथ्वीच्या आरपार, म्हणजे 180 अंशांवर, सरासरी वेग आणखी वाढायला हवा होता. 12,742 किलोमीटरचे ते अंतर पार करायला लहरीला प्रत्यक्षात सुमारे 20 मिनिटे 12 सेकंद लागतात. भागाकार करून पाहावा: वेग पुन्हा साडेदहा किलोमीटरवर उतरलेला आढळतो. मध्यभागातून जाणारी लहर वाटेत कुठेतरी मंदावल्याशिवाय हे शक्य नाही. तिथे भोवतालच्या खडकाहून वेगळे काहीतरी असलेच पाहिजे, हा निष्कर्ष कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. घड्याळ आणि पट्टी एवढ्याच गोष्टी त्यासाठी वापरल्या आहेत.

ओल्डहॅम यांनी या गाभ्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे चार दशांश धरली होती. त्यानंतर बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा 2,900 किलोमीटर खोलीवर असल्याचे काढले, आणि शतकभराच्या मोजमापांनंतर आज ती 2,891 किलोमीटरवर मानली जाते. या सीमेवर पी लहरींचा वेग सेकंदाला 13.7 किलोमीटरवरून 8.1 किलोमीटरच्या आसपास एकदम घसरतो. 104 अंशांच्या पुढे थेट एस लहरी पोहोचत नाहीत, आणि पी लहरींसाठीही 104 ते 140 अंशांच्या दरम्यान एक छायाप्रदेश, म्हणजे थेट लहरी न पोहोचणारा पट्टा, तयार होतो. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी 1926 मध्ये एका निराळ्या वाटेने गाभा द्रव असल्याचे दाखवले. चंद्र-सूर्याच्या ओढीने पृथ्वीचे घन शरीरही किंचित ताणले जाते. ते किती ताणले जाते यावरून संपूर्ण पृथ्वीची ताठरता कळते. ती प्रावरणाच्या ताठरतेहून बरीच कमी निघाली, म्हणजे आतला भाग मऊ असायलाच हवा. भरती-ओहोटीचा अभ्यास आणि भूकंपाचा अभ्यास यांचा एरवी एकमेकांशी संबंध नसताना दोघांनी एकच गोष्ट सांगितली, याचे महत्त्व त्या फिरत्या मजकुराच्या लेखकाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

गाभ्याच्या आतला घन गाभा ज्या रीतीने सापडला, ती मला या विद्येतील सर्वांत देखणी गोष्ट वाटते. 17 जून 1929 रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मर्चिसनजवळ मोठा भूकंप झाला. डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी युरोप आणि सोव्हिएत संघातील केंद्रांच्या नोंदी बारकाईने वाचल्या, तेव्हा जिथे पी लहरी पोहोचायलाच नकोत अशा छायाप्रदेशातही त्यांना क्षीण पण स्पष्ट पी लहरी दिसल्या. त्या काळी अशा लहरींचे स्पष्टीकरण गाभ्याच्या कडेवरून वळसा घालून आलेल्या लहरी, असे दिले जाई. लेमान यांचे त्याने समाधान झाले नाही. त्यांनी हिशेब मुद्दाम साधा ठेवला: प्रावरणात वेग सेकंदाला 10 किलोमीटर, गाभ्यात 8 किलोमीटर, आणि मध्यभागी अधिक वेगाचा एक लहान गोल. त्या गोलावर आपटून लहरी छायाप्रदेशात कशा येतात हे त्यांनी दाखवले आणि 1936 मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबात या गोलाची त्रिज्या 1,400 किलोमीटरच्या घरात आली होती. आज ती सुमारे 1,220 किलोमीटर मानतात. हा गोल घन असल्याचा भक्कम पुरावा मिळायला 1971 उजाडावे लागले. संगणकाच्या आधी, हाताने लिहिलेल्या कार्डांवर वेळांच्या नोंदी लावून केलेले हे काम आहे. त्याला ‘कल्पनाचित्र’ म्हणणे अन्यायाचे आहे.

आता पडताळणी. मजकुराचे म्हणणे असे की, लहरींवरून काढलेले निष्कर्ष तपासण्याचा मार्ग नाही. मार्ग एक नव्हे, अनेक आहेत.

लहरींच्या प्रवासकाळात शंकेला जागा होती ती एवढ्यासाठी की भूकंप नेमका कुठे, किती खोल आणि कोणत्या क्षणी झाला हेही त्याच लहरींवरून काढावे लागे. अणुस्फोटांनी ही अडचण दूर केली, कारण त्यांची जागा आणि वेळ आधीच माहीत असते. जेफ्रीज आणि बुलेन यांनी 1940 मध्ये प्रसिद्ध केलेली प्रवासकाळाची कोष्टके प्रशांत महासागरातील 1954 सालच्या चाचण्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली आणि फरक केवळ काही सेकंदांचा निघाला. स्फोटांवर लक्ष ठेवण्याच्या गरजेतूनच 1960 च्या दशकात जगभर एकाच प्रकारच्या यंत्रांचे जाळे उभे राहिले, आणि पुणे, दिल्ली, शिलाँग व कोडाईकॅनाल ही केंद्रे त्यात होती. शत्रुराष्ट्रांच्या यंत्रांवरही त्याच वेळा उमटत होत्या. एकमेकांची चूक काढायला टपलेल्या देशांनी संगनमताने गाभा रचला, असे मानायला जागा उरत नाही.

दुसरा मार्ग लहरींच्या वेळेचा नव्हे, तर संपूर्ण पृथ्वीच्या कंपनाचा. कुंभाराकडे मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, कारण नादावरून ते कसे भाजले आहे हे कळते. 22 मे 1960 रोजी चिलीत झालेल्या 9.5 तीव्रतेच्या भूकंपानंतर पृथ्वीचा असा नाद प्रथमच स्पष्टपणे मोजला गेला. पोलादाइतक्या ताठर गोलाला असे एक सावकाश आंदोलन पूर्ण करायला सुमारे तासभर लागेल, असे ऑगस्टस लव्ह यांनी 1911 मध्येच गणिताने काढून ठेवले होते. प्रत्यक्षात ते 54 मिनिटांचे निघाले. एका गटाने ते जमिनीचा ताण मोजणाऱ्या यंत्राने टिपले, तर दुसऱ्याने गुरुत्वाकर्षणाचे सूक्ष्म बदल मोजणाऱ्या यंत्राने, आणि त्याच वर्षी हेलसिंकीच्या परिषदेत दोघांचे आकडे समोरासमोर ठेवले गेले तेव्हा ते जुळले. आत द्रव गाभा आणि प्रावरणाची ठरावीक घनता धरली, तरच हे आकडे येतात.

तिसरा मार्ग तर सरळ खणण्याचाच आहे, फक्त कमी खोलीवर. आपल्याकडे मुंबई हायच्या बाबतीत तेच झाले. सोव्हिएत जहाजाने 1960 च्या दशकात खंबातच्या आखाताच्या बाहेरील समुद्रात लहरी सोडून परावर्तनांवरून तळाखालची घुमटासारखी रचना ओळखली, आणि 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने तिथे विहीर खणली तेव्हा तेल लागले. कोयनेच्या 1967 सालच्या भूकंपानंतर गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी या रेषांवर स्फोट घडवून भूकवचाची जाडी मोजली गेली. पुढे याच परिसरात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विहीर खणली गेली तेव्हा बेसाल्टचा थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपून खाली ग्रॅनाइटसारखे प्राचीन खडक लागले. सह्याद्रीच्या कातळाखाली काय आहे हे सांगणारी आणि गाभा दाखवणारी पद्धत एकच आहे. केवळ अंतरे आणि लहरींची लांबी बदलते.

पोकळ पृथ्वीच्या दाव्यासाठी तर भूकंपांचीही गरज नाही. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट आहे, हे हेन्री कॅव्हेंडिश यांनी 1798 मध्ये प्रयोगशाळेत शिशाचे गोळे टांगून जवळपास अचूक काढले. पृष्ठभागावरचे खडक मात्र पाण्याच्या पावणेतीन पटीच्या आसपास भरतात. बाहेरचे हलके आणि सरासरी जड असेल, तर आतले अधिक जडच असले पाहिजे. शिवाय वस्तुमान केंद्राभोवती कसे वाटले आहे हे पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यावरून कळते. वस्तुमान केंद्राकडे जितके अधिक एकवटलेले, तितका त्याचा गुणांक लहान: सर्वत्र सारख्या घनतेच्या गोलासाठी तो 0.4 असतो, पोकळ पातळ कवचासाठी 0.67, आणि पृथ्वीचा 0.33 आहे. पोकळपणाच्या अगदी उलट दिशेचा हा आकडा आहे.

कोलातील चुकीचा मुद्दा मात्र गंभीरपणे घेण्याजोगा आहे, कारण चूक खरोखर झाली होती. तिथे सुमारे सात किलोमीटर खोलीवर लहरींचा वेग बदलतो हे आधीच मोजलेले होते, आणि ग्रॅनाइट संपून बेसाल्ट सुरू होत असल्यामुळे हा बदल होतो असे मानले जात होते. खणल्यावर बेसाल्ट लागलाच नाही. प्रचंड दाबाखाली रूपांतरित झालेले, भेगाळलेले आणि पाणी मुरलेले खडक सापडले. तळाशी तापमानही अपेक्षेच्या 100 अंशांऐवजी 180 अंश सेल्सिअसच्या आसपास होते. या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. वेगातला बदल लहरींनी जिथे सांगितला होता तिथे खडकांत बदल होताच. चुकले ते त्या बदलाला दिलेले खडकाचे नाव. भूकंपलहरी वेग, घनता आणि ताठरता सांगतात. द्रव्य कोणते, हे त्यांच्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी अशनींचे, म्हणजे अवकाशातून पडलेल्या दगडांचे, पृथक्करण आणि उच्च दाबाखालील प्रयोग यांची जोड लागते. गाभा मुख्यतः लोखंडाचा आहे हे याच जोडीतून ठरले, आणि बाह्य म्हणजे द्रव गाभा त्या दाबाखालच्या शुद्ध लोखंडापेक्षा काहीसा हलका असल्यामुळे त्यात गंधक, ऑक्सिजन, सिलिकॉन, कार्बन किंवा हायड्रोजन यांपैकी काय आणि किती मिसळले आहे, यावर वाद अजून चालू आहे. द्रव्याबद्दलच्या या वादावरून गाभा आहे की नाही अशी शंका काढणे तर्काला धरून नाही. एका ठिकाणचे नाव चुकले म्हणून सीमा खोट्या ठरत नाहीत, आणि कोलाची विहीर तर भूकवचाच्या निम्म्या जाडीपर्यंतही पोहोचलेली नव्हती.

जमिनीखालच्या महासागराबद्दल थोडक्यात. ब्राझीलच्या जुइना भागातील एका हिऱ्यात रिंगवुडाइट या खनिजाचा सूक्ष्म कण सापडला आणि त्यात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी असल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. हे खनिज 410 ते 660 किलोमीटर खोलीच्या पट्ट्याच्या खालच्या भागात टिकते. पाणी स्फटिकाच्या रचनेत बांधलेले असते, तळ्यासारखे साठलेले नसते. त्या खोलीवर खरोखर पाण्याचा थर असता, तर एस लहरी तिथेच अडल्या असत्या. त्या तर त्या पट्ट्यातून आरपार जातात आणि जगातल्या प्रत्येक केंद्रावर रोज नोंदल्या जातात. ‘महासागर’ हा शब्द पाण्याच्या एकूण प्रमाणाची कल्पना देण्यासाठी वापरला गेला, आणि बातम्यांनी त्याचा खराखुरा समुद्र केला.

राहिला ‘थांबलेला’ गाभा. अंतर्गाभा, म्हणजे आतला घन गाभा, प्रावरणाच्या तुलनेत किंचित वेगळ्या गतीने फिरत असावा, असा पुरावा सोंग आणि रिचर्ड्स यांनी 1996 मध्ये मांडला. दक्षिण अटलांटिकमधील साउथ सँडविच बेटांजवळ एकाच जागी काही वर्षांच्या अंतराने जवळजवळ सारखेच भूकंप होतात. त्यांच्या लहरी गाभ्यातून अलास्कात पोहोचतात. भूकंपाची जागा आणि मार्ग तेच असूनही लहरी पोहोचण्याची वेळ काही दशकांत सेकंदाच्या दशांशांइतकी सरकते, म्हणजे वाटेतला अंतर्गाभा बदललेला असतो. 2023 च्या जानेवारीत यांग आणि सोंग यांनी असे मांडले की 2009 च्या सुमारास हा सापेक्ष फरक जवळजवळ नाहीसा झाला. ‘सापेक्ष’ हा एक शब्द बातमीतून गळला आणि गाभा थांबल्याची आवई उठली. गाभा पृथ्वीच्या उरलेल्या भागाबरोबर दिवसातून एकदा पूर्वीसारखाच फिरत होता आणि आहे. 2024 मध्ये दुसऱ्या गटाने 1991 ते 2023 या काळातील अशाच 121 भूकंपांच्या नोंदी तपासून अंतर्गाभा प्रावरणाच्या मानाने आता मागे पडू लागल्याचे दाखवले. काही भूकंपतज्ज्ञ या फरकाचे श्रेय गाभ्याच्या फिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागातील बदलांना देतात, आणि त्या बेटांजवळच्या यापुढच्या जोडभूकंपांच्या नोंदींवरूनच त्यांच्यातला हा वाद सुटणार आहे.